‘माहीत नाही’ म्हणण्याची मुभा

इटलीतल्या लाक्विला या डोंगराळ शहराला २००९ सालच्या सुरुवातीपासून भूकंपाचे लहान लहान धक्के बसत होते. लोक वैतागले होते, घाबरलेही होते. त्यातच एका प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ जमिनीतून निघणाऱ्या रेडॉन वायूची मोजमापं घेऊन मोठ्या भूकंपाची भाकितं करू लागला आणि घबराट वाढली. ३१ मार्चला सरकारने शहरातच तज्ज्ञांची बैठक बोलावली. त्याच सुमारास नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगून टाकलं, की धोका नाही. छोट्या धक्क्यांतून जमिनीतली ऊर्जा सतत बाहेर पडते आहे, त्यामुळे परिस्थिती उलट अनुकूलच आहे, असं शास्त्रज्ञ आपल्याला सांगतात, असं त्याचं म्हणणं होतं. सहा दिवसांनी, ६ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तीनशेहून अधिक माणसं गेली.

पुढे खटला चालला. ऑक्टोबर २०१२मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४मध्ये वरच्या न्यायालयाने शास्त्रज्ञांना निर्दोष सोडलं आणि अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आणली. ‘भूकंपाचं भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना तुरुंगवास’ अशी ही बातमी जगभर फिरली. प्रत्यक्षात भूकंपाचं भाकीत करता येत नाही, हे फिर्यादी पक्षालाही मान्य होतं. मृतांच्या नातेवाइकांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. धक्का बसला की अंथरूण-पांघरूण घेऊन बाहेर पडायचं आणि रात्र उघड्यावर काढायची, ही त्या भागातली जुनी रीत. त्या रात्रीही मोठ्या भूकंपाआधी धक्के बसले होते. पण काळजीचं कारण नाही असं कानावर पडलेलं असल्यामुळे काही कुटुंबं घरातच थांबली.

त्या आठवड्यात खरं उत्तर उपलब्ध होतं. ते काहीसं असं झालं असतं: ‘अशा धक्क्यांच्या मालिका बहुतेक वेळा मोठ्या भूकंपाशिवायच विरून जातात. पण मोठा भूकंप होण्याची शक्यता एरवीपेक्षा वाढलेली आहे. किती वाढली आहे, हे आम्हाला नेमकं सांगता येत नाही. तुमची घरं जुनी आहेत. धक्का बसल्यावर बाहेर झोपायची तुमची सवय असेल, तर ती सोडू नका.’ या चार-पाच वाक्यांनी कुणाचंच समाधान झालं नसतं. सरकारचं नाही, पत्रकारांचं नाही आणि घाबरलेल्या लोकांचंही नाही. तरीही लोकांचा हक्क होता तो याच वाक्यांवर.

अनिश्चिततेशी जुळवून घेणं हा आपण व्यक्तिगत स्वभावाचा विषय करून टाकला आहे. मन शांत ठेवा, सगळी उत्तरं मिळत नसतात, जे येईल ते स्वीकारा, असं सांगणाऱ्यांची वाण नाही. मला मात्र हा प्रश्न आधी सार्वजनिक वाटतो. ज्यांच्या शब्दावर लोक आपली पावलं ठरवतात ते डॉक्टर, अधिकारी, शास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ, शिक्षक यांना ‘माहीत नाही’ म्हणण्याची मुभा समाज देतो का? आणि तसं म्हणताना त्यांनी आणखी काय सांगितलं पाहिजे, याचा आग्रह आपण धरतो का? या दोन्ही प्रश्नांवर आपण नापास आहोत, असं माझं मत आहे. छातीठोकपणे बोलणारा आपल्याला जाणकार वाटतो आणि जपून बोलणारा गुळमुळीत.

यात केवळ बुद्धीचा दोष नाही, हे मान्य केलं पाहिजे. न कळण्याचा त्रास शरीरालाच होतो. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१६मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे आणि समोरच्या दगडाखाली साप आहे की नाही हे ४५ स्वयंसेवकांनी ओळखायचं होतं. साप निघाला की हाताला विजेचा दुखरा झटका. डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावतात, घाम किती येतो, यांवरून ताण मोजला गेला. सर्वाधिक ताण आला तो झटक्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना माणसं त्या मानाने शांत होती. वाईट बातमीपेक्षा अधांतरी राहणं जड जातं, हे घराघरांत अनुभवाने माहीत असतंच. म्हणून तर ‘काय ते एकदाचं सांगून टाका’ हे आर्जव इतक्या कळवळून केलं जातं. आणि समोरचा माणूस दयेपोटी असेल, घाईपोटी असेल किंवा आपलं नाव राखण्यासाठी असेल, पण काहीतरी सांगून टाकतो.

डॉक्टरच्या खोलीत हे सर्वांत जवळून दिसतं. एक बाई महिनाभर थकव्याने हैराण आहे. रक्ताचे, थायरॉइडचे, साखरेचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत. एक डॉक्टर रिपोर्टचे कागद परत देत म्हणतो, ‘काही झालेलं नाही तुम्हाला. टेन्शन घेऊ नका.’ बाई घरी जाते आणि तिला दोन ओझी वाहावी लागतात. थकवा तर आहेच, वर आपण उगाच तक्रार करतो की काय ही शंका. दुसरा डॉक्टर म्हणतो, ‘थकवा खरा आहे, कारण मला अजून सापडलेलं नाही. ॲनिमिया नाही, थायरॉइड नाही, मधुमेह नाही, एवढं या रिपोर्टवरून म्हणता येतं. असा थकवा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप जातो. पण वजन उतरायला लागलं, ताप राहायला लागला किंवा रात्री घामाने कपडे भिजायला लागले, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता या. यातलं काही झालं नाही तरी सहा आठवड्यांनी याच.’

दोघांच्याही हाती तेच कागद होते आणि दोघांनाही कारण ठाऊक नव्हतं. पहिल्याने आपलं अज्ञान झाकलं, दुसऱ्याने ते मोजून दाखवलं. ब्रिटनमधले फॅमिली डॉक्टर रॉजर नेबर यांनी १९८७मध्ये या दुसऱ्या रीतीला नीट आकार दिला. रुग्ण खोलीतून बाहेर पडण्याआधी डॉक्टरने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असं त्यांनी सांगितलं. माझा अंदाज बरोबर असेल तर पुढे काय होईल? तो चुकला असेल तर मला ते कसं कळेल? आणि तसं झालं तर मी काय करेन? अनिश्चिततेवर यापेक्षा जास्त उपयोगाचं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. पूर्ण उत्तर नसतानाही जबाबदारीने बोलता येतं, त्याची ही कृती आहे. धोरण जाहीर करणाऱ्या मंत्र्यालाही ती तितकीच लागू पडते.

निदान पक्कं झालं तरी अनिश्चितता संपत नाही, हे त्याहून अवघड. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकला की ‘काढून टाका’ हीच पहिली प्रतिक्रिया असते. ब्रिटनमध्ये प्रोस्टेटपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले गेले. एकाला शस्त्रक्रिया, एकाला रेडिएशन आणि तिसऱ्याला फक्त नियमित तपासणी. कॅन्सर वाढताना दिसला तरच पुढचं पाऊल. सुमारे १५ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. प्रोस्टेट कॅन्सरने मरण पावलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत जवळपास सारखं, शंभरात तीनच्या आसपास होतं. मात्र कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण तपासणीवर ठेवलेल्यांत जास्त होतं. त्यांच्यात शंभरात नऊ, इतर दोन्ही गटांत पाचच्या आसपास. तपासणी गटातल्या अर्ध्याहून अधिक जणांनी पुढे कधीतरी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन घेतलं. पण सुमारे चौथा हिस्सा पुरुष कॅन्सरवर कोणताही उपचार न घेता हयात होते. लघवीवर ताबा न राहणं आणि लैंगिक क्षमता कमी होणं हे शस्त्रक्रियेचे त्रास त्यांना सोसावे लागले नाहीत.

यातला कुठला मार्ग ‘बरोबर’? हे आकडे एकच उत्तर देत नाहीत. शरीरात कॅन्सर आहे हे माहीत असूनही दर काही महिन्यांनी तपासणीला जाणं एखाद्याला झेपतं, दुसऱ्याची त्यात झोप उडते. दोघांचेही निर्णय शहाणपणाचे असू शकतात. पण निर्णय त्यांचा असायला हवा असेल, तर शंका त्यांच्यापासून लपवून चालणार नाही. डॉक्टर ‘हेच करा’ म्हणाला तर रुग्णाच्या मनावरचं ओझं उतरतं, हे खरं. त्याबरोबर त्याचा निवडीचा अधिकारही जातो, आणि ही अदलाबदल बहुतेक वेळा त्याला न विचारताच होते.

हेच चित्र मोठं करून २०२० साली सगळ्या जगाने पाहिलं. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ट्विटरवर ठळक अक्षरांत जाहीर केलं, की कोविड-१९ हवेतून पसरत नाही आणि ही वस्तुस्थिती आहे. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून, हवेतल्या सूक्ष्म कणांतून होणारा संसर्ग गंभीरपणे घ्या, असं सांगितलं. हा विषाणू हवेतून पसरतो, असं संघटनेने स्पष्ट शब्दांत म्हणायला २०२१ उजाडलं. मार्चमध्ये पुरावा अपुरा होता, त्याबद्दल कुणालाही दोष देता येणार नाही. दोष आहे तो अपुऱ्या पुराव्यावर ओढलेल्या काळ्या दगडावरच्या रेघेचा. ‘आजचा पुरावा मोठ्या थेंबांकडे बोट दाखवतो. हवेतून संसर्ग होत नाही असं मात्र सिद्ध झालेलं नाही. तोवर खिडक्या उघड्या ठेवा,’ एवढं म्हणता आलं असतं. खिडकी उघडी ठेवण्यात फारसं काही जात नव्हतं. पुढे भूमिका बदलावी लागली, तेव्हा ‘यांना तरी काय कळतं’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. विज्ञानात मत बदलणं हे काम नीट चालू असल्याचं लक्षण आहे. पण आधी पूर्णविराम देऊन ठेवला असेल तर तोच बदल कोलांटउडीसारखा दिसतो.

यावर अधिकारी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं, की लोकांना शंका सांगितली तर त्यांचा विश्वास उडतो, गोंधळ माजतो. हा समज तपासून पाहिला गेला आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये पाच प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. त्यांत पाच हजारांहून अधिक माणसं सहभागी झाली होती आणि एक प्रयोग बीबीसीच्या बातम्यांच्या संकेतस्थळावरच झाला होता. आकडा नुसता न देता ‘अमुक ते तमुक यांच्या दरम्यान’ असा पल्ला दिला, तर विश्वास अगदी किंचित घटला. ‘थोडी अनिश्चितता आहे’ असं शब्दांत मोघम सांगितलं तेव्हा मात्र तो जास्त घटला. म्हणजे लोकांना शंका पेलते, मोघमपणा पेलत नाही. बँक ऑफ इंग्लंडने १९९६मध्ये महागाईचा अंदाज एका रेषेऐवजी पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या पट्ट्याने दाखवायला सुरुवात केली. दूरच्या तिमाहीचा पट्टा रुंद, जवळच्याचा अरुंद. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालांत ‘फार संभाव्य’ म्हणजे ९० टक्क्यांहून अधिक, असे अर्थ ठरवून दिलेले आहेत. आपलं अज्ञान आकड्यांत मांडूनही या संस्था आपापल्या जागी उभ्या आहेत.

उलट, ठामपणाची परीक्षा घेतली तर काय निघतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी राजकारण आणि अर्थकारणावर भाष्य करणाऱ्या २८४ तज्ज्ञांची भाकितं जवळपास वीस वर्षं जमवली आणि ती खरी ठरली की खोटी हे तपासलं. २००५मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एकाच मोठ्या सिद्धान्ताने सगळं उलगडून सांगणारे सर्वांत जास्त चुकत होते आणि प्रसिद्धीच्या झोतात असणाऱ्यांची कामगिरी तुलनेने खराब होती. हे वाचल्यापासून टीव्हीवरची चर्चा मला वेगळी दिसू लागली. तिथे बोलावणं कुणाला येतं? ‘दोन्ही शक्यता आहेत, पहिली थोडी अधिक’ म्हणणाऱ्याला सहसा नाही. निवड करणारे आपणच, आणि मग चुकीच्या भाकितांबद्दल बोटं मोडणारेही आपणच.

आता या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. अनिश्चितता हे लबाडाच्या हातातलं शस्त्रही असतं. १९६९ साली एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘संशय हेच आपलं उत्पादन आहे’ असं लिहिलेलं होतं. धूम्रपानाने कॅन्सर होतो याचा पुरावा तोवर भक्कम झाला होता. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल १९६४मध्येच आला होता. कंपन्यांना तो पुरावा खोडून काढायचाच नव्हता, ‘अजून नक्की नाही, आणखी अभ्यास हवा’ हे वाक्य जिवंत ठेवलं की त्यांचं भागत होतं. अशा लोकांच्या तोंडीही ‘आम्हाला माहीत नाही’ हेच शब्द असतात. मग फरक ओळखायचा कसा?

मला वाटतं नेबर यांचा दुसरा प्रश्न इथे कामाला येतो. प्रामाणिकपणे शंका घेणारा सांगू शकतो, की कुठला पुरावा आला तर माझी शंका फिटेल. सिगारेट कंपन्यांनी तो कधीच सांगितला नाही. जो पुरावा येईल तो अपुराच ठरणार हे आधीच ठरलेलं होतं. शंकेला अट आणि मुदत असायला हवी. चौकशी समिती नेमून विषय थंड करणारे, ‘अभ्यास सुरू आहे’ म्हणून वर्षानुवर्षं काखा वर करणारे, यांना अनिश्चिततेचा आसरा देता कामा नये.

पूर्ण कळेपर्यंत थांबायचं, हेही त्यातून निघत नाही. १८५४मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने काही दिवसांत पाचशेहून अधिक माणसं मारली. कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेमुळे होतो, हा तेव्हाचा मान्यवर समज. जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरं कुठे होती हे तपासलं, कोण कुठलं पाणी प्यायचं याची दारोदार विचारपूस केली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवलं. पाण्यात नेमकं काय आहे, हे तो सांगू शकत नव्हता. सूक्ष्मदर्शकाखालीही त्याला ठोस काही सापडलं नव्हतं. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे ठामपणे मांडायला पुढची जवळपास तीस वर्षं लागली. स्थानिक मंडळाने तरीही ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून घेतला. साथ तोवर ओसरू लागली होती, त्यामुळे त्या एका दांड्याने किती जीव वाचले याचाही हिशेब पक्का लागत नाही. निर्णय योग्यच होता. चुकला असता तर दांडा परत बसवता आला असता. परत फिरता येईल असं पाऊल अर्ध्या माहितीवर टाकावं. परतीचा रस्ता नसेल तिथे जास्त पुरावा मागावा. सरकारी निर्णयांवर चर्चा करताना हा भेद आपण फार क्वचित करतो.

एका बाबतीत मात्र माझा सूर वेगळा आहे. अनिश्चिततेत सुख मानायला शिका, हा उपदेश सरसकट करणं मला क्रूर वाटतं. ज्यांचं माणूस बेपत्ता आहे, त्यांना काय सांगणार? व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास पॉलीन बॉस या अमेरिकी संशोधक स्त्रीने सत्तरच्या दशकात केला. माणूस गेला असंही नाही आणि आहे असंही नाही, अशा अवस्थेत ही कुटुंबं अडकलेली होती. शोक करावा तर आशा सोडल्यासारखं होतं आणि आशा धरावी तर आयुष्य पुढे सरकत नाही. अशा माणसांना निवांत व्हायला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यांना शोध हवा असतो, आणि तो घेणं हे व्यवस्थेचं काम आहे. टाळता येण्याजोगी अनिश्चितता दूर केल्यानंतर जी उरते, तिच्यापुरतीच सहनशीलतेची भाषा शोभते. हजर असलेली माहिती दडवायची आणि वर लोकांनी संयम ठेवावा म्हणायचं, याला माझा ठाम विरोध आहे.

मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर शाळेतून, आणि तेही परीक्षेच्या गुणपद्धतीतून. आजच्या बहुतेक परीक्षांत ‘मला येत नाही’ या प्रामाणिक उत्तराला शून्य मिळतं आणि डोळे मिटून मारलेला बाण लागला तर पूर्ण गुण मिळतात. वर्षानुवर्षं हे केल्यावर मुलं काय शिकतात, हे वेगळं सांगायला नको. चुकीला गुण कापणाऱ्या परीक्षांत अंदाजाला थोडा आळा बसतो, पण मुलाला स्वतःच्या उत्तराची किती खात्री आहे, हे त्यातूनही कळत नाही.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी नव्वदच्या दशकात एक वेगळी पद्धत सुरू झाली. टोनी गार्डनर-मेडविन यांनी ती रचली. विद्यार्थ्याने उत्तराबरोबर आपली खात्री एक, दोन किंवा तीन अशी नोंदवायची. उत्तर बरोबर आलं तर तितके गुण. चुकलं, आणि खात्री एकच लिहिली असेल, तर काही कापलं जात नाही. खात्री दोन लिहून चुकला तर दोन गुण जातात. तीन लिहून चुकला तर सहा. नीट माहीत असताना कचरणारा इथे गुण गमावतो, आणि माहीत नसताना छाती ठोकणारा त्याहून जास्त. ज्यांच्या हातात उद्या रुग्ण येणार, त्यांना औषधाच्या डोसबद्दल आपल्याला किती खात्री आहे हे स्वतःशी तपासून पाहायची सवय विद्यार्थिदशेतच लागते. ही पद्धत राबवायला नवी पुस्तकं लागत नाहीत की नवा अभ्यासक्रम. उत्तरपत्रिकेत एक रकाना वाढवावा लागतो. तो सहावीच्या गणिताच्या पेपरात का असू नये, याचं उत्तर शिक्षण मंडळांनी द्यावं. त्यांच्याकडे ते आज नसेल, तर केव्हापर्यंत देणार हे सांगावं.